डर्बीचं गाव, अलीचं गाव

गुरुवार

बास्केटबॉल, बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकी या अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगांपैकी एकीचाही संघ केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात नाही. तरीही खेळांचा इतिहास बघायला मी मुद्दाम इथे आलो. भाचा इथे नोकरीला आहे, त्यामुळे राहायची-जेवायची सोय फुकट, हेही खरं.

ओहायो नदीच्या काठचं, सहा लाखांवर वस्तीचं हे शहर. विमानतळाला २०१९ पासून बॉक्सर मुहम्मद अलीचं नाव आहे. ज्या गावात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून आल्यावरही कृष्णवर्णीय म्हणून त्याला हॉटेलात वाढत नव्हते, ते हेच गाव. गाडीत बसल्याबसल्या भाचा म्हणाला, “मामा, आज झोप काढ. उद्यापासून चालायचंय.” जून महिना, बाहेर मुंबईच्या तोडीचा घामट उकाडा. मी ऐकलं.

शुक्रवार

मेन स्ट्रीटवर ८०० नंबरच्या इमारतीला एक बॅट टेकून उभी आहे. उंची १२० फूट, वजन ६८,००० पौंड, म्हणजे ३१ टनांच्या आसपास. पोलादाची, आतून पोकळ. बेसबॉलपटू बेब रूथ १९२०च्या दशकात वापरायचा त्या ३४ इंची बॅटची ही थोरली बहीण. फोटो काढायला रस्त्यापलीकडे गेलो तरी मूठ चौकटीत मावेना. ‘लुईव्हिल स्लगर’ बॅटचं संग्रहालय आणि कारखाना १९९६ पासून इथे एकत्र आहेत.

हिलरिच कुटुंबाचं मूळ काम लाकूड कातायचं: जिन्याचे कठडे, पलंगाचे खांब, शिवाय लोणी काढायची झुलती पिंपं. जर्मनीतून आलेल्या थोरल्या हिलरिचना बॅटी म्हणजे पोरखेळ वाटायचा. त्यांचा जीव लोण्याच्या पिंपांत. कंपनी सांगते ती गोष्ट अशी. १८८४ साली त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा बड कामाला दांडी मारून मॅच बघायला गेला. स्थानिक संघाचा तारा पीट ब्राउनिंग तेव्हा सूर हरवून बसला होता, त्यात त्याची बॅट मोडली. बडने त्याला दुकानात नेऊन नवी बॅट कातून दिली आणि दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने तीन हिट मारले. इतिहासकारांना ही गोष्ट जशीच्या तशी पटत नाही. ब्राउनिंग मात्र खराच होता, आणि त्याची .३४१ ही कारकिर्दीची सरासरीही, म्हणजे हजार संधींत ३४१ हिट. कानाच्या दुखण्याने तो जवळजवळ बहिरा झाला होता, दारूही भरपूर प्यायचा. प्रत्येक बॅटमध्ये ठरावीकच हिट असतात आणि ते संपले की ती निवृत्त करायची, असं तो मानायचा म्हणतात. बॅट्समन लोकांच्या अंधश्रद्धा कुठल्याही खंडात सारख्याच.

कारखान्यात आधी वास येतो, ताज्या कापलेल्या लाकडाचा, आणि मध्येच काहीतरी करपल्याचा. गोल ठोकळा लेथवर चढतो, यंत्र फिरतं, भुशाचा फवारा उडतो, आणि अर्ध्या मिनिटात बॅट हातात. पूर्वी हेच काम कारागीर छिन्नी धरून करत. मला सगळ्यात आवडलं ते डाग द्यायचं टेबल. तापलेल्या ठशावरून बॅट गुंडाळत नेली की तिच्यावर कंपनीचं चिन्ह जळून उमटतं. हे चिन्ह कुठे बसवायचं याला शास्त्र आहे. खेळाडू चिन्ह वर ठेवून बॅट धरतो, म्हणजे चेंडू लागतो तो चिन्हापासून पाव फेरा पलीकडच्या अंगावर. ॲशच्या लाकडाला रेषांच्या कडेवर मार सोसतो, म्हणून चिन्ह एका बाजूला. मेपलचं उलटं, त्याला सपाट बाजू मजबूत, म्हणून त्याचं चिन्ह पाव फेरा सरकवलेलं. आता मोठ्या लीगमधले बहुतेक खेळाडू मेपलकडे वळले आहेत, आणि ॲशच्या झाडांमागे आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा लागला आहे. क्रिकेटच्या बॅटवरचं स्टिकर कुठेही चिकटवलं तरी चालतं; इथे मात्र जाहिरातच वापरायच्या सूचनेचं काम करते. हे डोकं ज्याचं असेल त्याला सलाम.

१९०५ साली होनस वॅग्नरने आपली सही बॅटवर डागायची परवानगी कंपनीला करार करून दिली. खेळाडूने आपलं नाव मालाला विकण्याच्या धंद्याची ही अगदी सुरुवातीची पायरी. हा वॅग्नर १८९७ ते १८९९ लुईव्हिलकडूनच खेळला, आणि नंतर पिट्सबर्गकडे गेला. गावाने घडवायचं आणि दुसऱ्यांनी न्यायचं, हा प्रकार पुढेही बराच दिसला. २०१५ साली ब्रँडही विल्सन कंपनीने विकत घेतला. बॅटी अजून इथेच कातल्या जातात.

निघताना प्रत्येकाला एक छोटी बॅट देतात. भाचा म्हणाला, “ही हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतील.”

शनिवार

चर्चिल डाउन्स, म्हणजे केंटकी डर्बी ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत जिथे होते ते रेसकोर्स. गेटाबाहेर उधळलेल्या घोड्याचा ब्राँझचा पुतळा आहे, बार्बारोचा. २००६ची डर्बी त्याने जिंकली, दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा पाय मोडला, आणि महिनोन्महिने उपचार करूनही जानेवारी २००७मध्ये त्याला मरण द्यावं लागलं. त्याची रक्षा पुतळ्याखालीच आहे. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी टोप्या घालून नटूनथटून येणारी दीड लाख माणसं याच्या शेजारून आत जातात.

रेसकोर्स उभं केलं मेरिवेदर लुईस क्लार्क ज्युनियर याने. अमेरिका ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेलेल्या लुईस आणि क्लार्क जोडगोळीतल्या क्लार्कचा हा नातू. युरोपात जाऊन तिथल्या रेसेस बघून आला आणि जॉन व हेन्री चर्चिल या दोन मामांची जमीन भाड्याने घेतली. हे वाचताना भाच्याने माझ्याकडे सूचक पाहिलं. माझ्याकडे रोहा तालुक्यात दोन गुंठे आहेत, त्यांवरही चुलतभावाशी वाद चालू.

पहिली केंटकी डर्बी १७ मे १८७५ला झाली. तेव्हा अंतर दीड मैल होतं, १८९६पासून सव्वा मैल. एच. पी. मॅग्रा नावाच्या मालकाचे दोन घोडे धावत होते. ॲरिस्टायडीसने पुढे पळून बाकीच्यांना दमवायचं आणि मागून चेसापीकने येऊन जिंकायचं, असा बेत होता. चेसापीक मागून आलाच नाही. ॲरिस्टायडीस जिंकला. त्याच्यावर ऑलिव्हर लुईस हा कृष्णवर्णीय जॉकी होता, आणि घोडा तयार करणारा अँसेल विल्यमसन जन्माने गुलाम. त्या दिवशी धावलेल्या १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते.

या १३ आकड्यापाशी मी संग्रहालयात बराच वेळ उभा राहिलो. दक्षिणेकडच्या राज्यांत घोड्यांची उस्तवार गुलामांकडे असायची. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, पण घोड्याची नस ओळखणारे हात तेच राहिले. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन. मग पैसा वाढला, नाव वाढलं, आणि गोरे जॉकी यांना शर्यतीतच कठड्याकडे दाबू लागले. मालक घोडे देईनासे झाले. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे होतेच. १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड हा शेवटचा कृष्णवर्णीय विजेता. १९२१नंतर थेट २००० साल उजाडेपर्यंत डर्बीत एकही कृष्णवर्णीय अमेरिकन जॉकी दिसत नाही. संग्रहालयात हे सगळं नीट मांडलेलं आहे. बाहेरच्या दुकानात मात्र टोप्या, गुलाब आणि मिंट जुलेपचे पेले.

दुपारी प्रत्यक्ष रेस बघितली. डर्बी नव्हे, जूनमधला साधा शनिवार. त्यात फायदा असा की पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून घोडे हाताच्या अंतरावर बघता येतात. एक तपकिरी घोडी दर फेरीला आमच्यासमोर आली की कान मागे टाकायची. तिच्या मानेवर घामाचा पांढरा फेस, आणि तिला धरून चालणारा मुलगा स्पॅनिशमध्ये तिच्याशी सतत काहीतरी पुटपुटत होता. शेजारच्या म्हाताऱ्या पंटरने तिच्याकडे बघून मान हलवली: “हिची शर्यत इथेच पळून झालीय.” मी दोन डॉलर तिच्यावरच लावले. ती सहावी आली, आठांत.

बुकी नाहीत, सगळा कारभार टोटचा, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायचे. त्यामागेही गोष्ट आहे. १९०८ साली शहराने बुकींवर बंदी घातली तेव्हा मॅट विन या व्यवस्थापकाने जुन्या कायद्यातली पळवाट शोधली आणि याच पद्धतीची, धूळ खात पडलेली पॅरिम्युच्युअल यंत्रं बाहेर काढली. डर्बी वाचली. महालक्ष्मीला हिरवळीवरच्या शर्यती बघायची सवय असलेल्याला इथली तपकिरी माती चमत्कारिक वाटते. घोडे गेले की आधी आवाज येतो, मग तोंडावर धूळ.

याच मातीवर १९७३च्या डर्बीत सेक्रेटेरिएट हा घोडा १ मिनिट ५९.४ सेकंदांत धावला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. सव्वा मैलाचे पाच तुकडे केले तर त्याचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जलद होता. एवढं मोठं अंतर म्हटल्यावर घोडा शेवटी थकतो, थकलाच पाहिजे. हा वेग वाढवत गेला. स्टँडवरचे ते दोन मनोरे १८९५चे आहेत, जोसेफ बाल्डेझ नावाच्या चोविशीतल्या आरेखकाने काढलेले, आणि डर्बीच्या फोटोंत ते मागे दिसतात.

रात्री जेवायला ब्राउन हॉटेलात गेलो. इथला ‘हॉट ब्राउन’ प्रसिद्ध: पावावर टर्की, वरून दाट पांढरं सॉस, त्यावर बेकन, सगळं भट्टीत खरपूस केलेलं. अर्ध्यातच पोट भरतं. पण मला इथे आणलं ते विंकफील्डने. अमेरिकेत घोडे मिळेनात म्हणून तो रशियाला गेला, झारच्या राज्यात मोठमोठ्या शर्यती जिंकला. क्रांतीनंतर इतर घोडेवाल्यांबरोबर दोनशेच्या आसपास घोडे हाकत ओडेसाहून पोलंडला पोहोचला, आणि शेवटी फ्रान्समध्ये स्थायिक झाला. १९६१ साली डर्बीच्या आठवड्यात याच हॉटेलात मेजवानीचं त्याला आमंत्रण होतं. म्हातारा मुलीला घेऊन आला, तर दारवान पुढच्या दाराने आत सोडेना. दोनदा डर्बी जिंकलेला माणूस त्या दारात ताटकळला. भाचा म्हणाला, “हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.” तो इथे सहा-सात वर्षं आहे.

रविवार

ग्रँड ॲव्हेन्यू, घर क्रमांक ३३०२. गुलाबी रंगाचं बुटकं घर, समोर माहितीचा फलक. आजूबाजूला अगदी साधी वस्ती. कुणी अंगणात गवत कापत होतं, कुणी गाडी धूत होतं. इथे कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा मुहम्मद अली, वाढला, जन्म १७ जानेवारी १९४२चा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची.

तिथून गाडीने साउथ फोर्थ स्ट्रीट. इथली जुनी कोलंबिया ऑडिटोरियमची इमारत आता स्पॉल्डिंग विद्यापीठाची आहे. १९५४ साली बारा वर्षांच्या कॅशियसची लाल-पांढरी सायकल इथून चोरीला गेली. चोराला ठोकून काढीन म्हणत तो रडत तळघरात पोलिसाला शोधायला गेला, तर पोलीस जो मार्टिन तिथे बॉक्सिंगचा वर्ग चालवत होता. मार्टिनने सुचवलं, आधी ठोकायला शीक. ही गोष्ट सगळे सांगतात. फ्रेड स्टोनरचं नाव त्यामानाने कमी ऐकू येतं. हा कृष्णवर्णीय प्रशिक्षक दुसऱ्या वस्तीत शिकवायचा, आणि मुलगा मार्टिनकडून सुटला की रात्री त्याच्याकडे जायचा. पायांची ती नाचरी चाल आणि सफाई यांत स्टोनरचा हात मोठा, असं खुद्द अलीच सांगत असे.

१९६०ला रोममध्ये सुवर्णपदक. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये पहिली व्यावसायिक लढत, टनी हनसेकरशी. हा हनसेकर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गावचा पोलीसप्रमुख. सहा फेऱ्या, निकाल क्लेच्या बाजूने. पैसे लुईव्हिलमधल्या अकरा गोऱ्या धनिकांच्या गटाने घातले होते. या गटाने त्याला सचोटीने वागवलं, असंच बहुतेक चरित्रकार लिहितात. पण त्याच शहरात त्याला जेवायला टेबल मिळत नव्हतं. चिडून त्याने पदक पुलावरून ओहायोत फेकलं अशी दंतकथा आहे. ते नुसतंच हरवलं असंही म्हणतात. मी तो पूल बघितला. एवढ्या उंचीवरून काहीही फेकावंसं वाटेल.

नदीकाठचं अली सेंटर २००५ साली उघडलं. आत पंचिंग बॅग लटकवलेली आहे, तिला हात लावला की आपल्या ताकदीची कल्पना येते. भाच्याने फोनवर चित्रण केलं आणि ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, ही त्याची चूक. एका फोटोत जिमी एलिस दिसला. हाही लुईव्हिलचाच, त्याच मार्टिनच्या तळघरातला, आणि अलीचा किताब काढून घेतल्यावर १९६८ साली जगज्जेतेपदाचा एक पट्टा यालाच मिळाला. १९८० साली हे दोघे मद्रासला प्रदर्शनीय लढत खेळले होते. एकाच गावातले, एकाच तळघरातले दोन हेवीवेट विजेते!

१९७८मध्ये शहराने वॉलनट स्ट्रीटला अलीचं नाव दिलं, तेव्हाही कुरकुर झाली होतीच.

संध्याकाळी सेंट जेम्स कोर्टच्या कारंज्यापाशी बसलो. जुनी श्रीमंत घरं, मोठी झाडं, कुत्री फिरवणारी माणसं. दीडशे वर्षांपूर्वी या बाजूला बेसबॉलचं मैदान होतं. १८७६ साली नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा लुईव्हिल ग्रेज हा तिच्या संस्थापक संघांपैकी एक. १८७७च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होते आणि अचानक सोपे झेल सोडू लागले, हरू लागले; जेतेपद बॉस्टनला गेलं. स्थानिक वर्तमानपत्राने शंका घेतली. खेळाडूंच्या तारा तपासल्या तेव्हा ‘सॅश’ हा सांकेतिक शब्द सापडला, म्हणजे ही मॅच विकलेली. जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकोल्स आणि बिल क्रेव्हर यांच्यावर आजन्म बंदी आली. डेव्हलिन त्या मोसमात संघाची प्रत्येक इनिंग एकट्याने टाकणारा पिचर. नंतर तो लीगच्या अध्यक्षांच्या पाया पडत राहिला, बंदी उठली नाही. फिलाडेल्फियात पोलिसात लागला आणि १८८३ साली वारला. ग्रेज संघ १८७८चा मोसम सुरू व्हायच्या आत बुडाला. २००० साली आपल्याकडे फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा हा सगळा क्रिकेटला नव्यानेच जडलेला रोग आहे असं आपण बोलत होतो. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी इथे तारेने सौदे चालत होते.

सोमवार

अर्धा दिवस केव्ह हिल स्मशानभूमीत. नावात स्मशान असलं तरी ही बाग आहे, तळी, बदकं, टेकड्या. अलीला १० जून २०१६ला इथे पुरलं. त्या दिवशी अंत्ययात्रा गावभर फिरली, ग्रँड ॲव्हेन्यूवरूनही गेली. दगडावरचं वाक्य साधारण असं: दुसऱ्यांची सेवा म्हणजे स्वर्गातल्या आपल्या खोलीचं भाडं. घरमालकाच्या भाषेत सांगितलेलं अध्यात्म, मला झेपलं. डर्बीचा संस्थापक क्लार्कही इथेच आहे. कर्जात आणि भांडणांत सगळं गमावून त्याने १८९९ साली स्वतःला गोळी मारून घेतली. पीट ब्राउनिंगही इथेच, त्याला नीट दगड मिळाला १९८४ साली, त्या बॅटच्या शताब्दीला. गर्दी मात्र कर्नल सँडर्सपाशी, केंटकी फ्राइड चिकनवाले तेच.

दुपारी फ्रीडम हॉल बाहेरूनच बघितला. केंटकी कर्नल्स हा बास्केटबॉल संघ इथे खेळायचा. आर्टिस गिलमोर, डॅन इसेल यांच्यासह १९७५ साली त्यांनी एबीए लीग जिंकली. पुढच्याच वर्षी ती लीग एनबीए या आजच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये विलीन झाली, चार संघ आत घेतले गेले, आणि कर्नल्सच्या मालकाने ३० लाख डॉलर घेऊन संघ बंद करून टाकला. तेव्हापासून गाव एनबीएची वाट बघतंय. तोवर विद्यापीठाचा कार्डिनल्स संघ हाच धर्म. १९८० आणि १९८६ची राष्ट्रीय विजेतेपदं शाबूत आहेत. २०१३चं गैरप्रकारांमुळे २०१८ साली काढून घेतलं, मैदानातलं बॅनर उतरवलं. भाच्यासमोर हा विषय काढायचा नाही असं मला भाचेसुनेने आधीच बजावलं होतं. मी काढला. घरी पोहोचेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

मंगळवार

संध्याकाळी बेसबॉल. लुईव्हिल बॅट्स हा सिनसिनाटी रेड्सच्या हाताखालचा संघ, मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा. स्टेडियम २००० सालचं, आत शिरायचं ते जुन्या विटांच्या गोदामातून. दारात पी वी रीसचा पुतळा, चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात. हा इथलाच पोरगा, लहानपणी गोट्यांच्या स्पर्धा गाजवायचा, त्यावरूनच टोपणनाव पडलं. इथल्या संघातून १९३९ साली तो ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या लीगमधल्या संघाला विकला गेला आणि पुढे त्यांचा कर्णधार झाला.

१९४६च्या शरदात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मॉन्ट्रियलच्या संघातून लुईव्हिलला अंतिम मालिका खेळायला आला होता, तेव्हा इथल्या प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी मोजकीच तिकिटं ठेवली होती. इथल्या तीन सामन्यांत त्याला ११ वेळा संधी मिळून एकच हिट मिळाला. मालिका मॉन्ट्रियलला गेल्यावर तिथल्या लोकांनी लुईव्हिलच्या प्रत्येक खेळाडूची हुर्यो उडवून हिशेब चुकता केला, आणि मॉन्ट्रियल ४-२ने जिंकलं. पुढच्या वर्षी रॉबिन्सन ब्रुकलिनला गेला. ज्या गावाने त्याची हुर्यो उडवली, त्याच गावचा रीस त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि ते संघातल्या दक्षिणी खेळाडूंना बघावं लागलं.

तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो होतो. लुईव्हिलचा एक पोरगेला खेळाडू पाचव्या इनिंगला असा काही झेप घेऊन झेल घेऊन गेला की मीही ओरडलो. भाचा म्हणाला, “याच्यात जीव लावू नकोस मामा, चांगला निघाला तर महिन्याभरात सिनसिनाटीला जाईल.” मी वॅग्नर, रीस अशी यादी सुरू केली, तर तो उठून भेळ आणायला जावं तसा नाचोज आणायला गेला. सातव्या इनिंगला लुईव्हिल चार रन्सनी मागे. “निघूया का? पार्किंगमध्ये गर्दी होईल.” मी म्हटलं, बस गपचूप, तिकिटं मी काढलीयत.